औषधचाचण्यांच्या ऑफिसात नोकरी: ठाणे-नवी मुंबईतल्या पदवीधरांसाठी वाट

वागळे इस्टेटपासून खारघरपर्यंतच्या पट्ट्यात क्लिनिकल ट्रायलशी जोडलेल्या नोकऱ्या निघत असतात. त्यातल्या बऱ्याच जागांना पांढरा कोट लागत नाही आणि मायक्रोस्कोपही लागत नाही. तरी बी.कॉम. किंवा बी.ए. झालेली मुलं त्या जाहिराती सोडून पुढे जातात, कारण ‘मेडिकल रिसर्च’ वाचलं की हे आपलं काम नव्हे असं वाटतं. उलट बी.एस्सी. किंवा बी.फार्म. झालेली मुलं क्लिनिकल रिसर्चच्या महागड्या डिप्लोमाला पैसे भरतात आणि कामाच्या पहिल्या दिवशी हातात येते ती बॉक्स फाइल, पंचिंग मशीन आणि एक्सेलची शीट.

या क्षेत्रात शिरायचं तर आधी फाइल शिकावी, डिप्लोमाचं नंतर बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रायल तपासायला जो माणूस येतो त्याने उपचार होताना पाहिलेले नसतात. त्याच्यासमोर असतात ते कागद, त्यावरच्या सह्या आणि तारखा. रुग्णाने आधी संमती दिली आणि मग रक्त काढलं, की आधी रक्त काढलं आणि मग सही घेतली, हे त्याला तारीख आणि वेळ बघूनच कळतं. ही तारीख-वेळ नीट राहील याची रोजची काळजी घेणारा माणूस म्हणजे या क्षेत्रातला अ‍ॅडमिन.

कोण कोणासाठी काम करतं

औषध ज्या कंपनीचं आहे आणि जी ट्रायलचा खर्च करते ती स्पॉन्सर. ही कंपनी सगळं काम स्वतः करत नाही, बरंचसं सीआरओला, म्हणजे कंत्राटावर संशोधन चालवणाऱ्या कंपनीला देते. ज्या हॉस्पिटलमध्ये रुग्ण घेतले जातात ते साइट, आणि तिथले जबाबदार डॉक्टर म्हणजे प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर. सगळे त्यांना ‘पीआय’च म्हणतात. ज्या हॉस्पिटलकडे स्वतःचा संशोधन विभाग नसतो त्यांना माणसं पुरवते ती एसएमओ. रुग्णाच्या हिताची राखण करते एथिक्स कमिटी, आणि या सगळ्यांवर केंद्रातली सीडीएससीओ, म्हणजे ड्रग्ज कंट्रोलरचं ऑफिस.

यातल्या प्रत्येक ठिकाणी कागदांचं काम करणारी माणसं लागतात.

पहिली पायरी: कुठल्या खुर्चीत बसायचं ते ठरवा

हॉस्पिटलच्या साइटवर काम केलं तर सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. रुग्ण समोर असतो, डॉक्टर घाईत असतात, मॉनिटर, म्हणजे स्पॉन्सर किंवा सीआरओकडून कागद तपासायला येणारा माणूस, महिन्या-दोन महिन्यांनी येऊन फाइल उलटीसुलटी करून बघतो. पगार सुरुवातीला बेताचाच असतो. साइटवरच्या कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे सीआरसीच्या जागेसाठी बहुधा लाइफ सायन्स, फार्मसी किंवा नर्सिंगची पदवी मागतात. त्याच विभागातल्या प्रोजेक्ट असिस्टंट, डेटा एन्ट्री, हिशेब अशा जागांना पदवीची अट सैल असते.

एथिक्स कमिटीचं ऑफिस ही माझ्या मते कला-वाणिज्यवाल्यांसाठी सगळ्यात चांगली आणि सगळ्यात दुर्लक्षित जागा. अजेंडा, नोटिसा, इतिवृत्त, पत्रव्यवहार हेच तिथलं काम, आणि ज्याला नीट मुद्देसूद लिहिता येतं त्याची तिथे किंमत असते.

सीआरओ आणि मोठ्या आयटी कंपन्यांच्या बॅक ऑफिसमध्ये काम वेगळं असतं. ऐरोलीसारख्या आयटी पट्ट्यात बसून तुम्ही दुसऱ्या देशातल्या ट्रायलचे कागद ईटीएमएफ नावाच्या ऑनलाइन कपाटात लावता, किंवा औषधाच्या दुष्परिणामांच्या तक्रारी नोंदवून घेता. पगार आणि सोयी तुलनेने बऱ्या. पण युरोप-अमेरिकेच्या वेळेप्रमाणे उशिरापर्यंतच्या मीटिंगा असू शकतात, आणि तुम्हाला ट्रायलचा एकच तुकडा दिसत राहतो. लवकर स्थिरावायचं असेल त्याने इथे जावं. काम मुळापासून कळावं असं वाटत असेल त्याने एक-दोन वर्षं साइटवर काढावीत.

दुसरी पायरी: पाया घाला, तोही फुकटात

तीन गोष्टींची ओळख हवी. पहिली, ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९’. हे नियम मार्च २०१९ पासून लागू आहेत. सगळे पाठ करायची गरज नाही. एथिक्स कमिटी, संमती, गंभीर दुष्परिणाम आणि नुकसानभरपाई एवढे भाग दोनदा वाचा. दुसरी, आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं. तिसरी, गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे जीसीपी: ट्रायल नीट आणि नैतिकतेने कशी चालवावी याची शिस्त. तिची आंतरराष्ट्रीय मांडणी ई६ या नावाने ओळखली जाते आणि तिची तिसरी आवृत्ती, म्हणजे आर३, जानेवारी २०२५ मध्ये पक्की झाली. मुलाखतीत ‘आर३ मध्ये नवीन काय’ असा प्रश्न येऊ शकतो, तेव्हा निदान एवढं माहीत असावं की जोखीम कुठे जास्त आहे ते ओळखून तिथे लक्ष घालण्यावर तिचा भर आहे.

जीसीपीचं प्रमाणपत्र मोफत मिळतं. अमेरिकेतल्या नायडा (NIDA) या सरकारी संस्थेचा ऑनलाइन कोर्स आहे, ग्लोबल हेल्थ ट्रेनिंग सेंटरचाही आहे. आयसीएमआरच्या चेन्नईतल्या एनआयई संस्थेचा आरोग्य-संशोधनावरचा प्राथमिक कोर्स एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचावर झालेला आहे. या तिन्हींची भाषा इंग्रजी आहे, पण वेग आपल्या हातात असतो.

डिप्लोमा वाईट असतो असं नाही. चांगल्या संस्थेत ओळखी होतात, इंटर्नशिप मिळते. पण ‘शंभर टक्के जॉब गॅरंटी’ असं लिहिलेलं दिसलं की पैसे खिशातच ठेवा. आणि नोकरी देण्यासाठी डिपॉझिट किंवा ट्रेनिंग फी मागणारी ‘कंपनी’ असेल तर तिथून सरळ उठा.

तिसरी पायरी: सीटीआरआयवरून आपल्या भागाचा नकाशा काढा

हे काम बहुतेक उमेदवार करत नाहीत. सीटीआरआय म्हणजे भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही. ती जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून ड्रग्ज कंट्रोलरच्या परवानगीने होणाऱ्या ट्रायलसाठी नोंदणी सक्तीची झाली. पहिला रुग्ण घेण्याआधी ही नोंद व्हावी लागते. संकेतस्थळ कोणालाही फुकट बघता येतं.

तिथे शोधपट्टीत ठाणे, नवी मुंबई, खारघर, नेरूळ असे शब्द टाकून बघा. आजाराचं नाव टाकूनही बघा. एखादी नोंद उघडली की खजिना हाती लागतो: स्पॉन्सर कोण, सीआरओ कोणती, कुठकुठल्या हॉस्पिटलमध्ये ट्रायल चालू आहे, तिथल्या एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली की बाकी आहे, किती रुग्ण घ्यायचे आहेत. एक एक्सेल उघडा आणि रकाने पाडा: हॉस्पिटल, आजार, सीआरओ, मंजुरीची स्थिती, रुग्ण घेणं चालू की संपलं. काही संध्याकाळी बसून हे केलंत तर घराजवळ कोण खरंच काम करतंय ते कळेल. एकाच हॉस्पिटलचं नाव पुन्हापुन्हा आलं म्हणजे तिथे माणसं लागणार हे उघड आहे. शिवाय मुलाखतीत ‘तुमच्याकडे सध्या मधुमेहाच्या ट्रायल दिसतात’ असं बोलता येतं, आणि समोरचा माणूस खुर्चीत जरा पुढे सरकतो.

एक पथ्य मात्र पाळा. त्या नोंदीत संपर्कासाठी दिलेले फोन रुग्ण आणि शास्त्रीय शंकांसाठी असतात. नोकरीसाठी त्यावर फोन करू नका. अर्ज हॉस्पिटलच्या एचआरला किंवा संशोधन विभागाला पाठवा.

आपल्या भागात सुरुवात कुठून करायची? खारघरच्या सेक्टर २२ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक आहे, कॅन्सर संशोधनाचं मोठं केंद्र. तिथल्या प्रकल्पांवरच्या कंत्राटी जागांच्या जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर येतात आणि अनेकदा थेट वॉक-इन असतं. नेरूळचं डी. वाय. पाटील, कामोठ्याचं एमजीएम आणि कळव्याचं महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ही शिक्षणसंस्थाही असलेली हॉस्पिटलं; वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की एथिक्स कमिटी आलीच. ठाण्यातली आणि बेलापूरची मोठी खासगी हॉस्पिटलं वेगळी. नवी मुंबईतल्या टीटीसी एमआयडीसीच्या औद्योगिक पट्ट्यात औषध आणि जैवतंत्रज्ञान कंपन्या आहेत. एक बारकावा: ज्या हॉस्पिटलची स्वतःची एथिक्स कमिटी नाही तेही ट्रायल करू शकतं, मात्र त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या परिघातल्या नोंदणीकृत कमिटीची मंजुरी घ्यावी लागते. म्हणून घोडबंदर रोडवरचं मध्यम आकाराचं हॉस्पिटलही यादीतून वगळू नका.

चौथी पायरी: एक ट्रायल फाइलमधून चालून बघा

इथे जरा रेंगाळू, कारण नोकरी म्हणजे हेच.

सुरुवातीला गुप्ततेचा करार होतो, मग सीआरओकडून फिजिबिलिटीची, म्हणजे ही ट्रायल तुमच्याकडे जमेल का याची, प्रश्नावली येते. वर्षाला असे किती रुग्ण येतात, उणे तापमानाचा फ्रीजर आहे का, कागद ठेवायला कुलपाचं कपाट आहे का. डॉक्टर तोंडी उत्तरं देतात, तुम्ही ती भरता. इथे आकडे फुगवायचा मोह होतो. अ‍ॅडमिनने ओपीडीच्या रजिस्टरमधून खरे आकडे काढून द्यावेत. साइटने कबूल केलेले रुग्ण पुढे आले नाहीत की त्याची उत्तरं तुम्हालाच लिहावी लागतात.

साइट निवडली गेली की एथिक्स कमिटीकडे संच जातो: प्रोटोकॉल (ट्रायल कशी करायची याचा आराखडा), इन्व्हेस्टिगेटर्स ब्रोशर (औषधाबद्दलची आतापर्यंतची माहिती), इंग्रजी-मराठी-हिंदी संमतीपत्रं, भाषांतराची प्रमाणपत्रं, विम्याची पॉलिसी, डॉक्टरांचा सही-तारखेचा सीव्ही, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, जीसीपीचं प्रमाणपत्र, कराराचा मसुदा. प्रत्येक कागदावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असते, आणि कमिटीच्या मंजुरीपत्रात तोच क्रमांक, तीच तारीख यायला हवी. पत्र हातात आलं की आधी हे जुळवून बघा. मंजुरीपत्रात ‘मराठी संमतीपत्र, आवृत्ती १.०’ आणि फाइलमध्ये १.१, अशी चूक टेबलावर असताना पाच मिनिटांत सुधारते. सहा महिन्यांनी ऑडिटमध्ये सापडली तर तिचा डोंगर होतो.

संमतीपत्राबद्दल जास्तच सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. समजा प्रोटोकॉलमध्ये बदल झाला आणि संमतीपत्राची नवी आवृत्ती मंजूर झाली. मंजुरीचं पत्र मंगळवारी आलं. गुरुवारी ओपीडीत रुग्ण आला आणि सिस्टरने ड्रॉवरमधून जुनाच फॉर्म काढून सही घेतली. ही नियमभंगाची नोंद झाली, आणि त्या रुग्णाला पुन्हा बोलावून नव्या फॉर्मवर संमती घ्यावी लागणार. उपाय अगदी घरगुती आहे. नवं पत्र आलं त्या दिवशी ओपीडी, वॉर्ड, डॉक्टरांची केबिन, सगळीकडच्या कोऱ्या जुन्या प्रती स्वतः गोळा करा. एका प्रतीवर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहा आणि ती फाइलला लावा, बाकीच्या नष्ट करा. मग आधीच ट्रायलमध्ये असलेल्यांपैकी कोणाकोणाची संमती पुन्हा घ्यायची, त्याची यादी पुढच्या भेटीच्या तारखांसह सीआरसीला द्या.

भारतातल्या संमतीपत्रात रुग्णाचा पत्ता, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव-नातं हे रकाने असतात. ते रिकामे सोडू नका. काही बरंवाईट झालं तर नुकसानभरपाई ठरवताना आणि देताना याच माहितीचा आधार लागतो. रुग्णाला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार सगळा वेळ हजर हवा; तो ट्रायलच्या टीमचा माणूस नको. नव्या रेणूच्या, म्हणजे पूर्णपणे नव्या औषधी द्रव्याच्या, ट्रायलमध्ये असुरक्षित गटातल्या रुग्णांच्या संमतीचं दृक्‌श्राव्य चित्रीकरण करावं लागतं. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाजाचं रेकॉर्डिंग चालतं. कॅमेरा चार्ज आहे का, रेकॉर्डिंग कुठल्या नावाने आणि कुठल्या कुलपात ठेवलं, हे अ‍ॅडमिनचंच काम होऊन बसतं.

आणि इथे मराठी माणसाचा एक फायदा आहे. भाषांतर होऊन आलेलं संमतीपत्र कितीदा तरी इतकं जड असतं की ते वाचून मुरबाडहून आलेल्या माणसाला काही कळणार नाही. प्रमाणपत्र जोडलेलं असलं तरी मंजुरीला पाठवण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचा. ‘यादृच्छिकीकरण’ नुसतं लिहून भागत नाही. कुठलं औषध मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, ना तुम्ही ठरवणार ना डॉक्टर, असं सांगितलं तर माणूस प्रश्न विचारू शकतो. बदल तुम्ही परस्पर करायचे नाहीत. सीआरओला मेल करायचा, सुधारलेली आवृत्ती कमिटीकडून मंजूर करून घ्यायची.

ड्रग्ज कंट्रोलरची परवानगी, कमिटीची मंजुरी, करार, सीटीआरआय नोंद हे सगळं झालं की साइट इनिशिएशन व्हिजिट, म्हणजे काम सुरू करून देणारी भेट, होते आणि रुग्ण घेणं सुरू होतं. तिथून पुढे तुमच्याकडे स्क्रीनिंग लॉग (ट्रायलसाठी तपासून बघितलेल्या रुग्णांची यादी), ट्रेनिंग लॉग, तापमानाची नोंद, कुरिअरच्या पावत्या आणि डेलिगेशन लॉग. हा शेवटचा लॉग म्हणजे कोणाला कुठलं काम करायचा अधिकार आहे त्याची यादी. त्यात तुमच्या नावापुढे जे काम नाही ते कितीही घाई असली तरी करू नका.

गंभीर दुष्परिणाम घडला, रुग्ण दाखल झाला किंवा दगावला, तर डॉक्टरांनी २४ तासांच्या आत ड्रग्ज कंट्रोलर, स्पॉन्सर आणि एथिक्स कमिटीला कळवायचं असतं. सखोल विश्लेषणाचा अहवाल १४ दिवसांत. अहवाल डॉक्टर लिहितात, पण कोणाला कुठल्या ईमेलवर पाठवायचं, पोच आली का, ती प्रिंट करून लावली का, हे तुमच्याकडे असतं. गणपतीची सुट्टी असो की दिवाळीची, घड्याळ चालूच राहतं. म्हणून सुट्ट्यांत कोणाचा फोन चालू असेल ती यादी आधीच भिंतीवर लावून ठेवा.

पाचवी पायरी: तारीख, पेन आणि ‘नाही’ म्हणणं

कागदावर चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर मजकूर, आपली आद्याक्षरं आणि आजची तारीख. व्हाइटनर ड्रॉवरमध्येसुद्धा ठेवू नका. तारीख ०५-मार्च-२०२५ अशी महिन्याचं नाव घालून लिहायची सवय लावा. ०५/०३ चा अर्थ अमेरिकेतला मॉनिटर तीन मे असा लावेल. फाइलचं नाव ठेवताना ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ हा प्रकार बंद. प्रोटोकॉल क्रमांक, कागदाचं नाव, आवृत्ती, तारीख, बस.

एक प्रसंग जवळजवळ प्रत्येकावर येतो. डॉक्टर म्हणतात, “अगं, परवाची सही राहिली, परवाचीच तारीख टाकतो.” हे थांबवायचं धाडस शिकावं लागतं, आणि उद्धटपणा न करता. “सर, सही आजच्या तारखेने करा, उशीर का झाला ते मी नोट टू फाइलमध्ये लिहून आणते, तुम्ही वाचून सही करा,” एवढं पुरतं. नोट टू फाइल म्हणजे फाइलला लावायचा लेखी खुलासा. उशिराची सही समजावून सांगता येते. मागची तारीख टाकलेली सही ही बनवाबनवी ठरते, आणि त्या दिवशी डॉक्टर पुण्यात कॉन्फरन्सला होते हे विमानाच्या नाही तर टोलच्या पावतीवरून कुणीतरी काढतंच.

रुग्णाचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं हा दुसरा रोजचा मोह. ट्रायलच्या कागदात रुग्ण क्रमांकाने ओळखला जातो, नावाने नाही. सीआरओला जे काही जाईल त्यावरचं नाव, फोन, हॉस्पिटलचा केस पेपर नंबर झाकलेला हवा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर याबद्दल आणखी काटेकोर राहावं लागेल.

पैशांचं काम: वाणिज्यवाल्यांनो, इकडे बघा

करार बहुधा तिघांत होतो: स्पॉन्सर किंवा सीआरओ, हॉस्पिटल, डॉक्टर. पैसे रुग्णाच्या भेटीप्रमाणे ठरलेले असतात. पहिल्या भेटीला इतके, तिसऱ्या भेटीत सीटी स्कॅन असेल तर इतके. चाचण्यांत न बसलेल्या रुग्णांसाठी वेगळा दर आणि त्यालाही मर्यादा. काही टक्के रक्कम ट्रायल संपेपर्यंत रोखून ठेवतात. कुठली भेट झाली, तिची माहिती सिस्टीममध्ये भरली का, बिल कधी पाठवलं, जीएसटी, टीडीएस कापून किती आले, हे जुळवणारा माणूस अनेक हॉस्पिटलकडे नसतो आणि पैसे तसेच पडून राहतात. टॅली आणि टीडीएसचं तुम्हाला कळत असेल आणि त्यात ट्रायलच्या भेटींचं वेळापत्रक वाचता आलं, तर तुमच्याशिवाय विभागाचं पान हलणार नाही.

रुग्णाच्या प्रवासखर्चाचं मात्र मनापासून करा. कर्जतहून लोकल आणि शेअर रिक्षा करून आलेल्या माणसाकडे रिक्षाची पावती कुठून असणार? कमिटीने मंजूर केलेल्या रकमेप्रमाणे व्हाउचर करा, सही किंवा अंगठा घ्या आणि पैसे त्याच दिवशी द्या. ‘पुढच्या वेळी देऊ’ म्हणालात तर पुढची वेळच येत नाही, आणि एक रुग्ण ट्रायलमधून गळतो.

एथिक्स कमिटीच्या ऑफिसात बसलात तर

कमिटीत किमान सात सदस्य लागतात. निम्मे तरी संस्थेबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचे. एक सामान्य नागरिक, एक महिला आणि एक कायदेतज्ज्ञ हवेतच. गणपूर्तीला पाच जण लागतात, पण कोणतेही पाच चालत नाहीत. त्यात वैद्यकीय शास्त्रज्ञ, डॉक्टर, कायदेतज्ज्ञ, सामाजिक क्षेत्रातला माणूस आणि सामान्य नागरिक असावे लागतात. म्हणजे वकीलसाहेब ठाणे कोर्टात अडकले की सगळी बैठक गेली. बैठकीच्या दोन दिवस आधी प्रत्येकाला फोन, आणि सकाळी पुन्हा एकदा. ज्या सदस्याचा स्वतःचा प्रकल्प चर्चेला आहे ते त्या विषयापुरते बाहेर गेले, हे इतिवृत्तात लिहायला विसरू नका. कमिटीच्या नोंदणीची मुदत पाच वर्षं असते. नूतनीकरणाची आठवण भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. ट्रायल संपल्यावरही कागद पाच वर्षं जपायचे असतात, तेव्हा कपाटांची जागा हा या ऑफिसचा कायमचा प्रश्न.

सहावी पायरी: सीव्ही आणि मुलाखत

‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर’ ही ओळ सगळे लिहितात, तुम्ही नका लिहू. त्याऐवजी आधी केलेल्या कामातला कागद दाखवा. मेडिकल स्टोअरमध्ये होतात? शेड्यूल एच१ चं रजिस्टर (ठरावीक औषधांच्या विक्रीची नोंदवही) सांभाळलं, असं लिहा. बँकेच्या आउटसोर्स कामावर होतात? केवायसीचे कागद तपासून त्रुटी काढल्या. सोसायटीच्या ऑफिसात सभेचं इतिवृत्त लिहिलं असेल तर एथिक्स कमिटीच्या अर्जात ते नक्की घाला. सीव्ही दोन पानांचा, शेवटी जीसीपी प्रमाणपत्राची तारीख. सीटीआरआयवरून केलेल्या यादीबद्दल कव्हरिंग मेलमध्ये एक वाक्य.

मुलाखतीत प्रसंग देतात. ‘मॉनिटर उद्या येतोय आणि फाइलमधला डॉक्टरांचा सीव्ही जुना आहे, काय कराल?’ जुना काढून टाकीन असं म्हणालात तर संपलंच. जुना तसाच ठेवायचा, नवा सही-तारखेसह घेऊन त्याच्या वर लावायचा. ‘फ्रीजचं तापमान रात्री चढलं’ असा प्रश्न आला तर औषध बाजूला काढून ‘वापरू नये’ असं लेबल लावणं, पीआयला सांगणं, स्पॉन्सरला कळवणं आणि त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत कोणालाही न देणं, हा क्रम सांगा.

सरकारी संस्थेच्या वॉक-इनला मूळ कागदपत्रं, झेरॉक्सचा संच, फोटो आणि जाहिरातीची प्रिंट न्या. नोंदणीची वेळ चुकली तर आत घेत नाहीत, म्हणून हार्बर-ट्रान्स हार्बरचा मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी बघा. खारघरला उतरल्यावर आत जायला बस, रिक्षा असतात. बेलापूरहून पेंधरपर्यंतची मेट्रोही २०२३ पासून खारघरमधून जाते. पगार तिथे जाहिरातीतच लिहिलेला ठोक आकडा असतो. खासगीत मात्र विचारून घ्या: हातात किती, पीएफ किती, कंत्राट कोणाचं, हॉस्पिटलचं की एसएमओचं, आणि ट्रायल मध्येच बंद झाली तर तुमचं काय.

पहिले तीन महिने

एक एक्सेल करा, फक्त मुदत संपणाऱ्या गोष्टींची. विमा पॉलिसी, लॅबचं एनएबीएल प्रमाणपत्र, डॉक्टरांची कौन्सिल नोंदणी, सगळ्यांची जीसीपी प्रमाणपत्रं, तापमापक आणि सेंट्रीफ्यूजचं कॅलिब्रेशन, कमिटीला द्यायचा वार्षिक अहवाल. संपण्याआधी साठ दिवस रकाना पिवळा व्हावा, तीस दिवस आधी लाल. ही एक शीट नीट चालवणारा माणूस लवकरच सगळ्यांच्या लक्षात येतो. मॉनिटर येऊन गेला की त्याच्या पत्रातल्या त्रुटी विषयवार लिहून ठेवा. त्याच त्या चुका वर येताना दिसतील आणि पुढच्या भेटीआधी कुठे बघायचं ते कळेल.

दीड-दोन वर्षांनी फाटे फुटतात. सायन्सची पदवी असेल तर सीआरसी आणि तिथून सीआरए, म्हणजे मॉनिटर. पण ते काम बॅग भरून गावोगाव फिरण्याचं आहे, घरी लहान मूल किंवा आजारी आईवडील असतील तर विचार करून घ्या. कागदात रस असेल तर ईटीएमएफ आणि पुढे क्वालिटी. हिशेबवाल्यांना साइट कॉन्ट्रॅक्ट्स. कमिटीवाल्यांना रेग्युलेटरी सबमिशन.

नोकरी सोडताना किंवा प्रकल्प संपताना अनुभवपत्र मागून घ्या, आणि त्यात नुसतं ‘प्रोजेक्ट असिस्टंट’ नको. आजाराचा विभाग, ट्रायलचा टप्पा, सांभाळलेली कामं एवढं लिहून मागा. स्पॉन्सरचं नाव गुप्ततेच्या करारात बसत नसेल तर ते वगळून. पीआयची सही लागते, आणि पीआय बदली होऊन गेले की ती मिळवायला फार फिरावं लागतं. तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका.